लॉकडाऊनची खरेदी: काय कामाला आलं, काय अडगळीत गेलं

मागच्या अंकात आपण विचारलं होतं की २०२० आणि २०२१ मध्ये घरात बसून ऑनलाइन जे काही मागवलं त्यातली कुठली वस्तू आज रोज हाताशी आहे आणि कुठली बघितली की पोटात कालवतं, आणि त्याबद्दल काही अडचण असेल तर लिहा. पत्रं भरपूर आली, ठाण्यातून आणि नवी मुंबईतून तर सगळ्यात जास्त. ते दिवस आठवा ना, सुरुवातीला फक्त किराणा आणि औषधं यायची, मे २०२० संपत आला तेव्हा कुठे बाकीच्या वस्तू यायला लागल्या, आणि लगेच जुलैमध्ये ठाणे आणि नवी मुंबई परत बंद. गेटवर टेबल, टेबलावर पार्सलांचा ढीग, वॉचमन सॅनिटायझरची बाटली घेऊन उभा, आणि आपण मास्क लावून खाली जाऊन आपलं नाव शोधतोय.

सगळी पत्रं वाचून माझं मत असं झालंय की जे काम घरात आधीपासून रोज होतच होतं त्या कामाची वस्तू टिकली. आता नवीन सवय लागेल म्हणून जी घेतली ती बहुतेक पडून राहिली. आणि जी भीतीपोटी घेतली, घरच्या माणसासाठी, तिला मी वायफळ खर्च म्हणायला अजिबात तयार नाही. आता एकेक पत्र घेते.

प्रश्न: ताई, जून २०२० मध्ये मिस्टरांनी ट्रेडमिल मागवला. सुरुवातीला सगळे चालायचो, सासूबाईसुद्धा हळूहळू चालायच्या. मग ऑफिस सुरू झालं आणि आता त्याच्यावर टॉवेल आणि मुलांचे युनिफॉर्म वाळतात. टू बीएचकेमधली एक अख्खी भिंत त्यात गेलीय. विकायचं म्हटलं की मिस्टर म्हणतात इतक्या कमी भावात नाही द्यायचा, पैसे फुकट गेल्यासारखं वाटतं. काय करू?
— एक वाचक, घोडबंदर रोड, ठाणे

उत्तर: पैसे जायचे ते तेव्हाच गेले, आज विकला नाही म्हणून ते परत येणार नाहीत, एवढं मिस्टरांना शांतपणे सांगा. उलट रोज जातेय ती जागा. ट्रेडमिलला साधारण सहा बाय अडीच फूट लागतात, म्हणजे पंधरा स्क्वेअर फूट, आणि घोडबंदरला स्क्वेअर फुटाचा भाव काय चाललाय ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहितेय.

पण विकायच्या आधी सासूबाईंना विचारा, कारण तुमच्या पत्रातलं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हेच की त्यासुद्धा चालायच्या. घोडबंदर रोडला मेट्रोचं काम, सर्व्हिस रोडची अवस्था, पावसाळ्यात फुटपाथ सापडत नाही, अशात वयस्कर माणसाला घरात, दांड्याला धरून, अगदी कमी स्पीडला वीस मिनिटं चालता आलं तर ती फार मोठी सोय आहे. त्यांना चालायचं असेल तर त्यांच्या डॉक्टरांना एकदा विचारून घ्या, कपडे काढा, मशीन टीव्हीसमोर आणा आणि सेफ्टी किल्लीची क्लिप त्यांच्या कपड्याला लावायची सवय करा, म्हणजे तोल गेला तर पट्टा आपोआप थांबतो. त्या नाही म्हणाल्या तर मात्र विकाच.

विकताना दोन गोष्टी. बंद राहून पट्ट्याखालचं तेल सुकतं, मग पट्टा घासत चालतो आणि मोटरवर लोड येतो, म्हणून आधी सिलिकॉन ऑइल टाका, मोटरच्या कव्हरखालची धूळ काढून घ्या आणि गिऱ्हाइकाला चालू करून दाखवा. भाव त्यानेच बरा येतो. दुसरी गोष्ट फार जपून करा. जुन्या वस्तूंच्या साइटवर जाहिरात टाकली की काही मिनिटांत फोन येतो, समोरचा सांगतो मी मिलिटरीत आहे, बदली झालीय, वस्तू न बघताच घेतो, आणि पैसे पाठवायला क्यूआर कोड पाठवतो की हा स्कॅन करा म्हणजे तुम्हाला पैसे येतील. आपल्याला पैसे यायचे असतील तर आपण काही स्कॅन करायचं नसतं आणि यूपीआयचा पिन तर टाकायचाच नसतो, पिन टाकला की पैसे आपल्या खात्यातून जातात. कोणी फसलंच तर लाज न बाळगता लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करायचा, जितका लवकर तितकी पैसे अडवता येण्याची शक्यता जास्त. त्यापेक्षा आधी सोसायटीच्या आणि शेजारच्या सोसायटीच्या ग्रुपवर टाका, ओळखीतलं माणूस येऊन बघून घेऊन जातं.

प्रश्न: माझं वय एकाहत्तर. एप्रिल २०२१ मध्ये बायको आयसीयूत होती, घरी सोडलं तर ऑक्सिजन लागेल असं डॉक्टर म्हणाले म्हणून मी ऑनलाइन कॉन्सन्ट्रेटर मागवला, नव्वद हजाराला. तो तीन आठवड्यांनी आला, तोवर ती घरी येऊन बरीचशी सावरली होती, एकदाच लावला असेल. आता मुलगा म्हणतो बाबा तुम्हाला लुटलं. त्याच कपाटात दोन ऑक्सिमीटर, कपाळावर धरायचं थर्मामीटर, वाफेचं मशीन, व्हॉल्व्हचे मास्क आणि वस्तूंवरचे जंतू मारायचा एक यूव्ही बॉक्सपण आहे. बायको म्हणते सगळं काढून टाका, ते बघायला माझा जीव होत नाही. मार्गदर्शन करावे.
— एक ज्येष्ठ वाचक, नेरुळ

उत्तर: काका, आधी मुलाला माझ्यातर्फे सांगा की लुटणारा दोषी असतो, ज्याला लुटलं तो नाही. त्या एप्रिलमध्ये बेडसाठी लोक रात्र रात्र फोन फिरवत होते, सिलिंडर भरायला रांगा होत्या, आणि सरकारने कॉन्सन्ट्रेटरवरच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली ती ९ जून २०२१ पासून, म्हणजे लाट ओसरताना. तुम्ही घेतलात तेव्हा ती मर्यादा नव्हतीच. बायको घरी येईल आणि तिला श्वास लागेल तेव्हा आपल्याकडे काही नसेल, या विचाराने तुम्ही ते घेतलंत. ते फारसं वापरावं लागलं नाही यासारखी चांगली गोष्ट नाही, आणि मला हे मनापासून वाटतं.

आता त्याचं करायचं काय. हे मशीन खोलीतली हवा ओढतं, आतले झिओलाइटचे दाणे नायट्रोजन धरून ठेवतात आणि साधारण ९३ टक्के ऑक्सिजन बाहेर येतो. नेरुळसारख्या खाडीकाठच्या दमट हवेत ते वर्षानुवर्षं बंद पडून राहिलं तर दाणे ओलावा ओढतात आणि मग मशीन चालतं, आवाज करतं, हवासुद्धा येते, पण त्यात ऑक्सिजन पुरेसा असेलच असं नाही. म्हणून तसंच्या तसं कोणाला देऊ नका. मेडिकल उपकरणांच्या टेक्निशियनला बोलवा, तो ॲनालायझर लावून किती टक्के येतोय ते सांगतो. त्याच वेळी लेबलही बघून घ्या, कारण त्या दिवसांत 'एक ते सात लिटर' लिहिलेली छोटी मशीनं खूप विकली गेली ज्यांच्यात एक लिटरच्या फ्लोला ऑक्सिजन नव्वद टक्क्यांच्या वर असतो आणि फ्लो वाढवत गेलं की सात लिटरला तीस टक्क्यांवर येतो. तसं निघालं तर ते पेशंटसाठी द्यायचं नाही. पाच लिटरचं नीट मशीन निघालं तर रुग्णोपयोगी साहित्य केंद्राला द्या, व्हीलचेअर, वॉकर, पलंग डिपॉझिटवर वापरायला देतात ना, ती केंद्रं. सीओपीडीसारख्या फुप्फुसाच्या जुनाट आजाराचे पेशंट डॉक्टरांच्या चिठ्ठीवर घरी महिनोन्महिने ऑक्सिजनवर असतात, त्यांना विकत घेणं परवडत नाही. देताना जुनी नळी आणि पाण्याची बाटली टाकून द्या, ती नवीनच लावतात.

ऑक्सिमीटर एक ठेवा. सेल मात्र काढून वेगळे ठेवा, नाहीतर आत गळतात आणि पत्रा गंजतो. लावताना बोट गरम हवं, नेलपॉलिश नको, हात स्थिर ठेवून आकडा ठरेपर्यंत थांबायचं, पहिला दिसला तो धरायचा नाही. सावळ्या-काळ्या त्वचेवर तो कधी कधी खऱ्यापेक्षा थोडा जास्त आकडा दाखवतो हेही लक्षात असू द्या, म्हणजे माणसाला धाप लागली असेल तर मशीनवर ९६ दिसतंय म्हणून घरी बसायचं नाही. दुसरा सोसायटीच्या ऑफिसात देऊन टाका.

कपाळाचं थर्मामीटर फक्त कातडीचं तापमान घेतं, उन्हातून आलं किंवा एसीत बसलं की फरक पडतो, काखेत धरायचा साधा डिजिटल त्यापेक्षा भरवशाचा. वाफेचं मशीन सर्दीला ठेवा, नातवंडं आली की उंचावर. व्हॉल्व्हचे मास्क टाका, जुलै २०२० मध्येच आरोग्य मंत्रालयाने राज्यांना कळवलं होतं की व्हॉल्व्हमधून सोडलेला श्वास न गाळता बाहेर जातो त्यामुळे दुसऱ्याला संरक्षण नाही. आणि यूव्ही बॉक्स ई-कचऱ्यात. प्रकाश जिथे पोचतो तिथेच त्याचा उपयोग, भाजीच्या देठाखाली आणि पाकिटाच्या घडीत पोचतच नाही, त्यात काहींमध्ये नुसता निळा एलईडी लावलेला होता. ट्यूबवाला असेल तर आत पारा असतो, साध्या कचऱ्यात टाकू नका आणि झाकण उघडं ठेवून चालू करून तर अजिबात बघू नका, डोळ्याला इजा होते.

प्रश्न: आम्ही २०२० च्या ऑगस्टमध्ये डिशवॉशर घेतला, तेव्हा मावशी येत नव्हत्या आणि दोघांचंही वर्क फ्रॉम होम. आईंचा विरोध होता, आता त्याच जास्त वापरतात! पण मावशी परत आल्यात, तर दोन्हीकडे पैसे कशाला असं मिस्टरांचं म्हणणं. आणि कुकर काळा पडलाय, ते कशाने?
— एक वाचक, ऐरोली

उत्तर: आलेल्या पत्रांमध्ये सगळ्यात जास्त लोकांनी चांगली खरेदी म्हणून ज्याचं नाव लिहिलंय ते डिशवॉशरच, आणि मला त्यात नवल वाटत नाही, भांडी काय, लॉकडाऊन असो नसो, दिवसातून तीनदा निघतातच.

कुकर ॲल्युमिनियमचा असणार. डिशवॉशरच्या पावडरीने ॲल्युमिनियम काळं पडतं, तसंच लोखंडी कढई-तवा, पितळेची-तांब्याची भांडी, लाकडी पोळपाट-लाटणं हे आत घालायचं नाही. स्टील, काच, चिनीमाती बिनधास्त. आमटी-भाजीच्या तेलकट भांड्यांना ७० डिग्रीचा इंटेन्सिव्ह प्रोग्रॅम लावा, खरकटं नुसतं निपटून काढा, आधी नळाखाली विसळत बसू नका, त्यात पाणी वाचवायचा मुद्दाच जातो. पातेली पालथी आणि थोडी तिरकी, एकात एक अडकवून नाही. खालची जाळी आठवड्याला काढून धुवा, वास येतो तो तिथूनच.

मावशींचं म्हणाल तर माझं मत स्पष्ट आहे, मशीन आहे म्हणून त्यांचा पगार कापू नका. लॉकडाऊनमध्ये कित्येक घरांनी मावशींना महिनेच्या महिने काही दिलं नाही आणि त्यांच्या घरी काय झालं हे आपल्याला कळलंही नाही. भांड्यांऐवजी पोळ्या, भाजी निवडणं, आठवड्याची साफसफाई असं त्यांच्याशी बोलून काम बदलून घ्या. त्यांनाही सांगा कुठलं भांडं मशीनमध्ये आणि कुठलं हाताने, तुमचा पुढचा कुकर त्याच वाचवतील.

प्रश्न: २०२० मध्ये मुलगी आठ वर्षांची होती, एका ऑनलाइन कंपनीने डेमो घेऊन कोडिंगचा कोर्स गळ्यात मारला, ईएमआयवर. पाच-सहा क्लास झाले, शिक्षक तीनदा बदलले, आम्ही रिफंड मागितला तर टाळाटाळ. हप्ते मात्र कापले जात राहिले, शेवटी खात्यात पैसेच ठेवले नाहीत. आता होम लोनला गेलो तर सिबिलमध्ये अडकलंय. आम्हीच मूर्ख ठरलो का?
— एक वाचक, खारघर

उत्तर: नाही हो. शाळा बंद, मूल दिवसभर घरात, आणि समोरचा माणूस अर्धा तास गोड बोलून सांगतोय की बाकीची मुलं पुढे चालली. आईबापाच्या काळजीवर धंदा केला त्यांनी, आणि याचा मला खरोखर राग आहे. तक्रारी इतक्या झाल्या की डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने पालकांसाठी सूचना काढल्या, त्यात ऑटो डेबिटला परवानगी देताना जपा हे मुद्दाम लिहिलं होतं.

तुमच्या बाबतीत आत्ता महत्त्वाचं हे की कोर्स कंपनी वेगळी आणि कर्ज देणारी वेगळी. तुम्ही डेमोनंतर ज्याला 'फीचे हप्ते' समजून ओटीपी दिला ते कागदावर कुठल्यातरी फायनान्स कंपनीचं किंवा बँकेचं कर्ज होतं, आणि कोर्स थांबला तरी ते थांबलं नाही. आधी तुमचा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट काढा, सिबिलसारख्या प्रत्येक क्रेडिट कंपनीकडून वर्षाला एक फुकट मिळतो, त्यात कर्ज देणाऱ्याचं नाव आणि थकीत रक्कम दिसेल. मग त्यांना लेखी मेल करा, कर्जाचा करार आणि पूर्ण स्टेटमेंट मागा, कोर्स बंद करायला सांगितलेले जुने मेल आणि चॅट जोडा. दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते, त्याला फी नाही. तडजोड करून बंद करायचं ठरलं तर एक लक्षात ठेवा, कमी पैशांत मिटवलं म्हणून 'सेटल्ड' असा शेरा लागला तर तोही पुढच्या बँकेला खटकतो. म्हणून रक्कम लहान असेल आणि होम लोन महत्त्वाचं असेल तर पूर्ण भरून 'क्लोज्ड' हा शेरा आणि एनओसी, म्हणजे कर्ज फिटल्याचं पत्र, घेणं कधी कधी परवडतं, मनाला कितीही लागलं तरी.

ग्राहक आयोगात जायची मुदत दोन वर्षांची असते. कोविडमुळे सुप्रीम कोर्टाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा काळ मुदतीतून वगळला होता, पण ती सवलत धरूनही आता उशीर झालाय. सबळ कारण असेल तर आयोग उशीर माफ करू शकतो, तेवढ्यासाठी मात्र वकिलाचा सल्ला घ्याच.

प्रश्न: ऑनलाइन वेगळीच वस्तू आली तर कुठे जायचं? विक्रेता दिल्लीचा, आम्ही वर्तकनगरचे. अनबॉक्सिंगचा व्हिडिओ नसेल तर तक्रार घेत नाहीत हे खरं का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर: व्हिडिओ हवाच असं ग्राहक कायद्यात कुठे नाही, असला तर पुरावा म्हणून चांगला. जुलै २०२० मध्ये ई-कॉमर्सचे नियम आले, त्याप्रमाणे साइटला तक्रार अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क द्यावा लागतो, त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि महिन्याभरात निकाल द्यायचा असतो. आधी तिथे लेखी तक्रार, मग १९१५ वर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, आणि तरी काही झालं नाही तर जिल्हा आयोग. नव्या कायद्यात आपण राहतो तिथेच केस करता येते, म्हणजे दिल्लीला जायचं नाही, ठाण्यातच. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही आणि तक्रार ऑनलाइनसुद्धा दाखल होते.

प्रश्न: २०२० च्या मे महिन्यात वाशीचं मार्केट आठवडाभर बंद होतं तेव्हा सोसायटीने मिळून रत्नागिरीच्या एका बागायतदाराकडून व्हॉट्सॲपवर हापूसच्या पेट्या मागवल्या होत्या, अजून दरवर्षी मागवतो, लॉकडाऊनने दिलेली हीच एक चांगली खरेदी म्हणा. पण आता दहा जणांचे मेसेज येतात, खरा कोकणातला कोण हे ओळखायचं कसं?
— एक वाचक, कोपरखैरणे

उत्तर: तुमचं पत्र वाचून फार बरं वाटलं. गाड्या नाहीत, मार्केट बंद, झाडावर फळ तयार, अशा वेळी बागायतदाराचं वर्षाचं उत्पन्न तुमच्यासारख्या सोसायट्यांनी वाचवलं, आणि तो संबंध तुम्ही अजून टिकवलाय.

हापूसला २०१८ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालंय, ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाला. बागायतदाराने स्वतःची जीआय नोंदणी केलेली असेल तर त्याला नंबर असतो, तो मागा, देणारा लगेच देतो. बागेचं गाव, तालुका विचारा. हंगामाच्या अगदी सुरुवातीला कोणी स्वस्तात रत्नागिरी म्हणून देत असेल तर थांबा, कर्नाटकातला आंबा त्याच पेटीत, त्याच वर्तमानपत्रात गुंडाळून येतो. कापल्यावर हापूसची साल पातळ आणि गर केशरी असतो, कर्नाटकच्या फळाची साल जाड आणि गर पिवळसर. पैसे सगळे आधी देऊ नका, निम्मे आधी आणि निम्मे पेटी आल्यावर, जुना बागायतदार याला नाही म्हणत नाही. आणि पेटी आली की वरचा थर बघून झाकण लावू नका, गवत बाजूला करून खालचाही थर बघा, डागी फळ निघालं तर फोटो त्याच दिवशी पाठवा म्हणजे तो पुढच्या पेटीत भरून देतो.